माझं नाव काय?



आमची पुतणी आठवीत शिकते. गेल्या महिन्यात रात्री जेवताना तिने जाहीर केले की तिला बॉक्सिंगच्या क्लासला नाव घालायचे आहे. घरात एकदम शांतता. आमच्या आयुष्मतींनी विचारले, "नाक-बिक मोडलं तर?" धाकट्या भावाने विचारले, "फी किती?" आणि खाटेवर बसलेले आमचे वडील, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, ऐंशी पार केलेले, एवढेच बोलले, "जाऊ द्या पोरीला."

पोरगी हुशार. तिने लगेच आबांना गाठले. "आजोबा, ती अलीची गोष्ट सांगा ना. पप्पा म्हणतात, तुम्ही लई भारी सांगायचे."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुझ्या काकाला विचार. त्याला बरोबर माहीत आहे."

म्हणजे ती जबाबदारी आमच्या गळ्यात आली. आणि ती गोष्ट सांगायची तर आमच्या घरातल्या टी. व्ही.पासूनच सुरुवात करावी लागते.

आमच्याकडे टी. व्ही. आला तो १९८८ च्या सप्टेंबरात. आबा सातपूरच्या एका कारखान्यात होते. सोसायटीचे कर्ज काढून त्यांनी बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाचा जुना, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट टी. व्ही. विकत घेतला. त्याआधी आम्ही पोरे वस्तीच्या पलीकडच्या एका घरी बघायला जात असू. बसायचे मात्र उंबऱ्याबाहेर. आत जागा असली तरी बाहेरच. पाऊस आला की घरवाले दार ओढून घेत आणि आम्ही दाराला कान लावून नुसता आवाज ऐकत असू. म्हणून आमच्याकडे टी. व्ही. आला त्या दिवशी आजीने एकच नियम केला: या घरात कोणी उंबऱ्याबाहेर बसून बघणार नाही. मग काय, दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस-तीस माणसे. एक पोरगा कायम पत्र्यावर, अँटेना फिरवायला. "दिसतंय का?" "मुंग्या आल्या!" "आता?" "गेलं पार!" हा संवाद ज्यांच्या घरी झाला नाही, त्यांनी टी. व्ही. पाहिलाच नाही असे आमचे मत आहे.

टी. व्ही. घ्यायचे निमित्त होते सोल ऑलिंपिकचे. आबांना बाकी खेळांत रस नव्हता. क्रिकेटला ते 'सावलीतल्या लोकांचा उन्हातला खेळ' म्हणत. त्यांना फक्त मुष्टियुद्ध पाहायचे होते, आणि त्याला कारण होता मुहम्मद अली. सत्तरीत पँथरची चळवळ जोरात असताना आबा तरुण होते. नाशिकरोडला एका सभेत कोणा वक्त्याने अलीची गोष्ट सांगितली आणि ती त्यांच्या डोक्यात पक्की बसली. ती गोष्ट आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली की पाठ झाली होती. आबा सांगत ती अशी:

अमेरिकेत एक काळा पोरगा होता, कॅशियस क्ले नावाचा. बारा वर्षांचा असताना त्याची सायकल चोरीला गेली. चोराला ठोकून काढतो म्हणाला. तिथला पोलीस म्हणाला, आधी ठोकायला तर शीक. तो शिकला आणि १९६४ साली जगज्जेता झाला. झाल्याबरोबर त्याने काय केले? धर्म बदलला, नाव बदलले. म्हणाला, क्ले हे गुलामीचे नाव आहे, ते माझ्या पूर्वजांवर मालकांनी लादले. आजपासून मी मुहम्मद अली. पण लोक ऐकेनात. मुद्दाम जुन्याच नावाने हाक मारीत. मग एक पहिलवान त्याच्यासमोर उभा राहिला, तोही त्याला क्लेच म्हणे. रिंगणात अलीने त्याला एक गुद्दा मारला आणि विचारले, "माझं नाव काय?" दुसरा मारला, "सांग, माझं नाव काय?" शेवटी तो गोरा आडवा झाला आणि म्हणाला, "मुहम्मद अली!"

इथे आबा मांडीवर थाप मारायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

ही गोष्ट आबांना का झोंबली, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षा दिली. आपण धर्म बदलला, आडनावे बदलली, पोरांची नावे गौतम, मिलिंद, सुजाता ठेवली. पण गावाने आणि कारखान्याने जुनीच हाक चालू ठेवली. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा एका नावापायी मराठवाड्यात आपल्या माणसांची घरे जळाली, आणि ते नाव १९९४ च्या १४ जानेवारीला लागले. त्याच १९७८ च्या सुमारास आबांच्या खात्यातला मुकादम त्यांना नावाने हाक मारत नसे. जातीच्या जुन्या नावाने, नाहीतर 'ए जयभीम' असे, तेही हेल काढून. एके दिवशी आबांनी हातातला पाना खाली ठेवला, पंचिंगचे कार्ड काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरले आणि विचारले, "वाचा. माझं नाव काय?" तो हसला. आबांनी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा आख्खे खाते थांबले होते. आबांनी हात उचलला नाही, तरी उद्धटपणाबद्दल मेमो मिळाला आणि तीन दिवसांचा पगार कापला गेला. पण मुकादम त्यानंतर कार्डावरचे नाव घेऊ लागला.

हे सगळे ठीक. पण घरात एक विरोधी पक्ष होता. आमची आजी.

आजी सिन्नरची, विड्या वळून पोरे वाढवलेली. ती मुष्टियुद्धाला 'गुद्दागुद्दी' म्हणे. टी. व्ही.वर ते लागले की ती भिंतीकडे तोंड करून सूप घेऊन बसायची. "सकाळी विहारात पंचशील घ्यायचं आन् दुपारी माणसाला माणूस मारतो ते पाहायचं. हे कुठलं शील रे?" आबा म्हणत, "आई, तो खेळ आहे." आजी म्हणे, "रगत खरं हाय ना?"

तिचे बोलणे कुणी उडवून लावू शकत नसे, कारण त्यामागे तिचा बाप होता. २ मार्च १९३० ला आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचे नेतृत्व आणि दादासाहेब गायकवाडांची बांधणी. आजीचा बाप सिन्नरहून त्यात गेला होता. आजी तेव्हा आठेक वर्षांची. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली, त्यात त्याच्या कपाळाला खोक पडली. ती खूण मरेपर्यंत होती. आजी सांगायची, "माह्या बापाच्या हातात दगड येत नव्हता का? साऱ्या रस्त्यात दगडच होते. पर त्यानं उचलला नाही. बाबासाहेबांचा शब्द होता."

एकदा आबा चिडून म्हणाले, "नाही उचलला. मग दार उघडलं का?"

आजी सूप पाखडत म्हणाली, "नाही उघडलं. पाच वर्षं नाही उघडलं. मग येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं ना, की हे घरच सोडायचं. दार कशाला पाहिजे मग?"

यावर आबांना उत्तर सुचले नाही. खरे तर आम्हालाही अजून सुचलेले नाही.

तर १९८८ च्या २ ऑक्टोबरचा रविवार. सकाळी दूरदर्शनवर 'महाभारत' मालिकेचा पहिला भाग झाला, वस्तीतली निम्मी माणसे आमच्या खोलीत. त्याच दिवशी सोलला मुष्टियुद्धाच्या अंतिम लढती होत्या. रात्री त्यांचे तुकडे दाखवले. अमेरिकेचा रॉय जोन्स, एकोणीस वर्षांचा काळा पोरगा, आणि समोर यजमान कोरियाचा पार्क सी-हुन. जोन्सने त्याला असा झोडपला की नाव ते. मोजणाऱ्यांनी नंतर सांगितले, जोन्सचे ८६ ठोसे लागले आणि पार्कचे ३२. आणि पंचांनी तीन विरुद्ध दोन मतांनी कोणाला जिंकवले? पार्कला! स्वतः पार्कला खरे वाटेना. पुढे त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून गौरव मात्र जोन्सचाच झाला. म्हणजे वर्गात पहिला, पण परीक्षेत नापास. (या पार्कने २०२३ साली अमेरिकेत जाऊन ते सुवर्णपदक जोन्सच्या हाती दिले. पस्तीस वर्षे ते त्याला जड झाले असणार.)

गंमत म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसलेली आजी मधेच केव्हातरी वळली होती. निकाल लागला तेव्हा तीच सगळ्यात आधी ओरडली. "आरे, हा तर जितला होता!" पुढे 'महाभारता'त एकलव्य आला तेव्हा ती म्हणाली, "त्याचा आंगठा घेतला, त्या काळ्या पोराचं पदक घेतलं." त्या दिवसापासून ती गुद्दागुद्दी बघू लागली. शिव्या देत, पण बघू लागली. सूप मात्र मांडीवरच असायचे.

१९९० च्या ११ फेब्रुवारीचा किस्साही घरात अजून निघतो. तोही रविवारच. त्या दिवशी टोकियोत माइक टायसन बस्टर डग्लसकडून दहाव्या फेरीत आडवा झाला. धाकटा भाऊ टायसनचा भक्त. रात्रीच्या बातम्यांत त्याला टायसन बघायचा होता. आणि त्याच दिवशी नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांनी तुरुंगातून बाहेर आले. आबांनी भावाला गप्प बसवले. आम्ही त्याला समजावले की मंडेलाही तरुणपणी मुष्टियुद्ध करत. तेव्हा कुठे तो शांत झाला. त्याच वर्षी मंडेलांना भारतरत्न मिळाले आणि बाबासाहेबांनाही, मरणोत्तर. आजीने साखर वाटली.

मग १९९६. जुलैच्या २० तारखेचा शनिवार, आबांची दुसरी पाळी. सकाळी अटलांटा ऑलिंपिकचे उद्घाटन चालू होते. तोवर रंगीत टी. व्ही. आला होता. ज्योत कोण पेटवणार हे गुपित ठेवले होते. शेवटी उजेडात एक माणूस पुढे आला. पांढरे कपडे, जड झालेले शरीर, आणि डावा हात थडथड कापतोय. आबा उठून उभे राहिले. "अली!" ज्याच्या हाताच्या वेगाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो, त्याला कंपवाताने असे केले होते. मशाल धरलेला हात, खाली लोंबणारा कापरा हात आणि सरसर वर जाणारी ज्वाळा. खोलीत कोणी बोलेना. आजीचे स्वतःचे हात तोवर कापू लागले होते. ती हळूच म्हणाली, "लई मार खाल्ला आसंल रे यानं." मारला असेल म्हणाली नाही, खाल्ला असेल म्हणाली. आबा त्या दिवशी कामावर उशिरा गेले.

पुढच्या वर्षी जूनअखेर टायसनने होलीफिल्डचा कान चावला. केबलवर तोच तुकडा दिवसभर. आम्ही हसून हसून बेजार. बाराच दिवसांनी, ११ जुलैला, त्याच टी. व्ही.वर घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर दिसले. गोळीबारात आपली दहा माणसे गेली. त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरात मुष्टियुद्ध लागले नाही. कुणी मनाई केली नव्हती. लावावेसे वाटले नाही.

आजी १९९९ ला गेली. २०१२ ला लंडनमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले आणि मणिपूरच्या मेरी कोमने कांस्यपदक आणले, तेव्हा ती हवी होती. पुतणीचा जन्म त्याच वर्षीचा.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

अली गेला ३ जून २०१६ ला. आपल्याकडे ४ तारखेला सकाळी कळले. संध्याकाळी एका वाहिनीवर त्याच्या जुन्या लढती दाखवत होते. आबा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. आम्ही शेजारी बसून इंग्रजीचे मराठी करून सांगत होतो. आणि मध्येच ती लढत लागली. ६ फेब्रुवारी १९६७, ह्यूस्टन. आबा पुढे सरकले. "हीच ती! नाव विचारायची!" चाळीस वर्षे जी गोष्ट सांगितली, ती ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघणार होते.

पडद्यावर दोन माणसे उभी होती. दोघेही काळे.

"हा कोण?" आबांनी विचारले.

"अर्नी टेरेल," आम्ही म्हणालो. "हाच तो, अलीला क्ले म्हणणारा."

"नाही रे. तो गोरा होता."

"आबा, हाच तो."

टेरेल उंच, साडेसहा फुटांचा, स्वतः एका संघटनेचा जगज्जेता. अलीची त्याची जुनी ओळख. लढत पंधरा फेऱ्या चालली. कोणी आडवे झाले नाही. शेवटच्या काही फेऱ्यांत टेरेलचा डोळा सुजून बंद होत आला होता आणि अली त्याला मारत होता, थांबत होता, ओरडत होता. "माझं नाव काय?" पुन्हा मारत होता. बोलणारा सांगत होता की अली त्याला पाडू शकत असूनही मुद्दाम पाडत नाही, असे त्या वेळी पुष्कळांनी लिहिले. टेरेल काही केल्या ते नाव घेत नव्हता. पडतही नव्हता. शेवटी गुणांवर अली जिंकला, बस.

आम्ही आबांकडे बघितले. मांडीवर थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला होता. थोड्या वेळाने ते पुटपुटले, "सोड ना आता त्याला." ते आमच्याशी बोलत नव्हते. अलीशी बोलत होते.

याच अलीने तीन महिन्यांच्या आत, त्याच ह्यूस्टनमध्ये, व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार दिला, जगज्जेतेपद गमावले, साडेतीन वर्षे त्याला रिंगणात उतरू दिले नाही, आणि १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. हेही दाखवत होते. पण आबांचे तिकडे लक्ष नव्हते.

"मला वाटायचं, तो दगड मारणाऱ्याला मारतोय," ते म्हणाले. मग, "हा तर आपल्यातलाच होता की रे." आणि मग बऱ्याच वेळाने, "काय नाव म्हणालास त्याचं?"

"टेरेल. अर्नी टेरेल."

चाळीस वर्षे आमच्या घरात ही नावाची गोष्ट चालली होती आणि त्यातल्या दुसऱ्या माणसाचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. कुणी विचारलेही नव्हते. तो २०१४ मध्येच वारला होता. आबांनी त्यानंतर ती गोष्ट सांगायची सोडली.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. त्याचे कारण अली नव्हता. कारण होती १९९८ च्या जयंतीच्या वर्गणीची बैठक. आपल्या बैठका कशा होतात ते आपण जाणताच. या गटाचा, त्या गटाचा. हिशेबावरून वाद पेटला. समोर आमच्याच वस्तीतले एक गृहस्थ, वयाने मोठे. त्यांचे लहानपणीचे नाव गावाने ठेवलेले, केराकचऱ्यावरून. त्यांनी ते रीतसर बदलून घेतले होते. राजपत्रात छापून आलेल्या नोंदीचे कात्रण ते पाकिटात बाळगत आणि अभिमानाने दाखवत. त्या बैठकीत बोलता बोलता आमचा तोल गेला आणि आम्ही त्यांना, शंभर माणसांदेखत, त्या जुन्या नावाने हाक मारली. ते नाव इथे लिहीत नाही. आमच्या गटातले लोक हसले. ते गृहस्थ काही न बोलता उठले आणि चपला घालून निघून गेले. मुकादमाला कार्ड दाखवणाऱ्याचा मुलगा मी! आबा त्या बैठकीला नव्हते. आम्ही त्यांना कधी सांगितले नाही.

पुतणीला ही सारी गोष्ट आम्ही गेल्या रविवारी सांगितली, टेरेलच्या नावासकट. बैठकीचे सांगावे की नाही असा विचार आला. पण अर्धी गोष्ट सांगितली की काय होते ते घरात बघितले होते, म्हणून तेही सांगितले. आबा खाटेवर होते. त्यांना ऐकू कमी येते, पण ते ऐकत होते असे वाटते.

पोरीने विचारले, "मग काका, तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का?"

"नाही."

"ते आहेत का अजून?"

आहेत. पाथर्डी फाट्याला मुलाकडे राहतात, एवढे आम्हाला माहीत आहे. त्यांचे नाव आणि पत्ता आम्ही एका कागदावर लिहून ठेवला आहे. येत्या रविवारी वंदना आटोपली की पुतणीचे ग्लोव्हज घ्यायला बाहेर पडायचेच आहे. ती म्हणते, आधी तिकडे जाऊ, मग दुकानात.